निघण्याआधी जरा टेका

दमयंतीकाकू, आधी अक्षरं.
Р दिसलं की र म्हणा. Н म्हणजे न. В म्हणजे व.
नातवाच्या इंग्रजीवर विसंबू नका,
РЕСТОРАН वाचून तो पेक्टोपाह म्हणेल नि उपाशी राहील.
तुम्ही रेस्तरान म्हणा आणि खुर्ची ओढा.
त्यांच्याकडेही च दोन आहेत,
एक चमच्यातला, एक चहातला.
तुम्हाला जमेल, जन्मापासून जमतंय.
आणि Ж.
सहा पायांचं, थेट खेकड्यासारखं.
दारावर खेकडा दिसला की बिनधास्त आत जा,
ते बायकांचं.

कार्ड इथेच ठेवा, तिथे ते चालत नाही.
रोख न्या, कोऱ्या नोटा.
घडी पडलेली, पेनानं खूण केलेली नोट
खिडकीतली बाई दोन बोटांनी परत सरकवते.
साडेबारा टक्क्यांचे पैसे आले तेव्हा
ओटीवर बसून कशा मोजल्या होत्यात,
तशा मोजा.

हॉटेलवाले नोंदणीचं एक चिटोरं देतील.
चिटोरं समजू नका,
सातबारा समजा.

काका विचारतात, नळाचं पाणी?
नाही. बाटलीचं.

मेट्रोचा सरकता जिना दोन-तीन मिनिटं उतरतच राहतो,
आपल्या विहिरींना लाजवील इतका खोल.
उजवीकडे उभ्या राहा, पदर आवरून.
डावी बाजू घाईवाल्यांची.
वरचं दार जड असतं, झुलतं,
पुढचा माणूस ते धरून ठेवतो.
तुम्हीही मागच्यासाठी धरा.
धन्यवाद म्हणताना तो हसणार नाही.
मनावर घ्यायचं नाही.
दुकानातली बाई रागावलेली नसते,
ती फक्त दुकानात असते.

कुणी घरी बोलावलं तर फुलं विषम. तीन, पाच.
जोडीची फुलं मयताला.
उंबऱ्यावरून काही देऊ-घेऊ नका.
हे तुमच्या सासूबाईही सांगायच्या,
त्या तर दिव्यागावाबाहेर
ठाण्याच्या कोर्टापलीकडे गेल्या नाहीत.

मासळी? मिळेल.
बाजारात सुकवून टांगलेली असते, दोरीला शेपटीनं.
वास आला की पाय आपोआप वळतील.
भाव विचारा, पण घासाघीस बेतानं.
पिशवीत भरून विमानात आणू नका,
माझं ऐका, एवढं एक ऐका.

आता पीटर्सबर्ग.
रात्री तिथले नदीवरचे पूल मधोमध उघडतात, जहाजांसाठी.
एकच्या आत हॉटेलच्या बाजूला या.
नाहीतर पहाटेपर्यंत पलीकडेच.
मला ठाऊक आहे.
सत्त्याऐंशीचा जून होता,
बेलापूर रोडच्या कंपनीनं पाठवलं होतं,
एका लेथ मशीनच्या मागोमाग, दुभाष्या म्हणून.
मी पलीकडे राहिलो.
रात्रभर उजेड होता, घड्याळ खोटं वाटावं इतका.
बरोबर कोण होतं
हे तुमच्या प्रवासाला उपयोगाचं नाही.
तेव्हा त्या शहराचं नाव वेगळं होतं.
तुमच्या खाजणाचं सेक्टर आठ झालं ना,
तसंच.
पत्ता देत नाही. शोधू नका.
पण त्या पुलावर गेलात
तर कठड्याला हात लावून बघा, गार असतो का अजून,
आणि आल्यावर सांगा.
नाही सांगितलंत तरी चालेल.

शेवटचं.
तिकडची माणसं लांब निघताना
दार उघडण्याआधी सगळी मिनिटभर बसतात, गप्प.
का, ते त्यांनाही नीट सांगता येत नाही.
खाली गाडीवाला हॉर्न देतोय, देऊ द्या.
काका, त्या मोठ्या बॅगेवरच बसा.
नातू चपलांच्या कपाटावर,
मी इथे, पाण्याच्या पिंपावर.
बसलो.
खिडकीतून खाडीचा वास येत होता.
पंख्याची एक पाती कुरकुरत होती.
मी मनात एक नाव घेतलं, दुसऱ्या च चं.
मग तुम्हीच पहिल्या बोललात:
“गॅस बंद केला ना रे कुणी?”